व्यापारी माल कसा पारखतात आणि घरच्या खरेदीला तेच कसं वापरायचं

सोलापुरात कुणाकडे पाहुणे आले की जाताना चादर, टॉवेल, शेंगाचटणी यातलं काहीतरी पिशवीत जातंच, आणि दुकानात गेलं की प्रश्न एकच, "चांगलं आहे ना हो?" आणि उत्तर पण एकच, "एकदम बेस्ट, डोळे झाकून न्या." या प्रश्नातून काहीच हाती लागत नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग-पॅकिंग बघतो, रोज हाताखालून माल जातो, आणि एक गोष्ट मला पक्की पटलीय की गिऱ्हाईक माल बघतं आणि व्यापारी माल बघतो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग डिझाईन, मग भाव. व्यापारी आधी ती एक गोष्ट बघतो जिच्यात त्याचे पैसे बुडू शकतात, बाकी सगळं नंतर. कांदेवाल्याची ती गोष्ट वेगळी, सराफाची वेगळी, बँकेच्या माणसाची वेगळी. ती कुठली हे कळलं की निम्मी खरेदी झाली म्हणून समजा.

आधी तीन प्रश्न पाठ करा

कुठल्याही दुकानात "चांगलं आहे का" हे विचारणं बंद करा आणि त्याच्याऐवजी हे विचारा. एक, "तुम्ही स्वतः हा माल भरताना काय बघता?" दोन, "गिऱ्हाईक परत आणतात ते कशामुळे आणतात?" तीन, "याच्यातलाच दोन नंबरचा माल दाखवा, भावात फरक कशाचा आहे ते सांगा." पहिल्या दोन प्रश्नांना माणूस बोलायला लागतो कारण तो त्याच्या कामाचा विषय असतो, पण खरं काम तिसरा करतो. एक नंबर आणि दोन नंबर शेजारी शेजारी हातात धरले की दहा मिनिटांत जे कळतं ते एकट्या मालाकडे तासभर बघून कळत नाही. दुकानदार दोन नंबर दाखवायला तयारच नसेल, किंवा "आमच्याकडे दोन नंबर ठेवतच नाही" म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा, आपल्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, दुकानांची कमी नाही.

चौथा प्रश्न स्वतःला विचारायचा, की हे मला कशासाठी पाहिजे आणि किती दिवस वापरायचंय. हा प्रश्न लोक सोडून देतात आणि मग भारीतली वस्तू घेऊन सुद्धा नाराज होतात.

टॉवेल आणि चादर

इथं जरा सविस्तर सांगतो कारण हे रोजचं आहे.

टॉवेलचा व्यवहार कारखान्यात चालतो तो जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. दुकानात कुणी सांगत नाही पण तुम्हाला ते स्वतः काढता येतं, किराणा दुकानातला वजनकाटा पुरतो. समजा टॉवेल ३० बाय ६० इंचाचा आहे, म्हणजे साधारण ०.७६ मीटर बाय १.५२ मीटर, गुणाकार केला की १.१५५ चौरस मीटर. काट्यावर वजन भरलं ५२० ग्रॅम. ५२० भागिले १.१५५ म्हणजे ४५० जीएसएम. झालं. ३०० ते ४०० म्हणजे हलका, ४०० ते ६०० म्हणजे घरच्या रोजच्या वापराचा, त्याच्यावर गेला की जाड, मऊ, मोठ्या हॉटेलातला असतो तसा.

आता इथंच लोक फसतात, त्यांना वाटतं जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगला. तसं नाहीये. ७०० जीएसएमचा टॉवेल पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, वास मारायला लागतो, घरात चार माणसं आणि एकच दोरी असेल तर तो टॉवेल डोक्याला ताप. लॉजवाले आमच्याकडून माल घेतात तेव्हा मऊपणा कमी बघतात, ते बघतात की धुतल्यावर किती वेळात वाळतो आणि किती धुण्यांनी किनार उसवते. त्यांचा हिशोब धुण्यामागे असतो. समजा १५० रुपयांचा टॉवेल ५० धुण्यांत गेला तर धुण्यामागे ३ रुपये पडले, आणि २६० चा १३० धुणी टिकला तर २ रुपये. महाग टॉवेल स्वस्त पडला. घरी पण हाच हिशोब करा, आकडे तुमच्या वापराप्रमाणे घाला.

हात लावून काय बघायचं, तर किनार. चारी बाजूंची शिलाई सरळ आहे का, कोपऱ्यात टाका मागे-पुढे करून पक्का केलाय का, कारण टॉवेल मरतो तो किनारीपासून मरतो. मग नखाने एक लूप हळूच ओढायचा, सरसर बाहेर आला तर वीण ढिली आहे. उजेडासमोर धरून बघायचं, कुठं पातळ पट्टा दिसतो का. आणि पाण्याचा थेंब टाकून बघायचा, पण हे नव्या टॉवेलवर करून लगेच नापास करू नका, कारण नव्या मालाला मऊपणासाठी सॉफ्टनर मारलेला असतो आणि त्याने पाणी वरच राहतं, दोन-तीन धुण्यांनंतर खरा टॉवेल कळतो. हातात घेतल्या घेतल्या लोण्यासारखा मऊ लागणारा टॉवेल बघून भुलायचं नाही ते यासाठीच, तो मऊपणा बऱ्याचदा धुण्यात निघून जातो.

रंगाचं बघायचं तर पांढरा रुमाल ओला करून गडद रंगाच्या पट्ट्यावर दहा वेळा घासा. लॅबमध्ये पण हेच करतात, त्याचं मशीन असतं, पांढरं कापड दहा वेळा पुढे-मागे घासतं आणि किती रंग लागला ते १ ते ५ मध्ये मोजतात, ५ म्हणजे अजिबात लागला नाही. रुमालावर ठसठशीत रंग आला तर तो टॉवेल पहिल्या धुण्यात बाकीच्या कपड्यांची वाट लावणार.

आता चादर. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांना भौगोलिक मानांकन आहे, पण बाजारात "सोलापुरी" नावाने काय काय विकलं जातं ते मी सांगायला नको, हायवेच्या स्टॉलवर आणि प्रदर्शनात तर विचारूच नका. खरी जकार्ड चादर ओळखायला सोपी आहे. डिझाईन विणलेलं असतं, छापलेलं नसतं, म्हणून चादर उलटी केली की तेच डिझाईन रंग अदलाबदल होऊन दिसतं. उलटी बाजू फिकट, पुसट दिसली की छपाई. मग कडेचा एक धागा ओढून घ्यायचा आणि काडीने पेटवायचा. कॉटन असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरली तर मऊ राख होते. पॉलिस्टर असेल तर धागा वितळतो, आकसतो आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मिक्स असेल तर दोन्ही थोडं थोडं. दुकानात काडी पेटवू देणार नाहीत, धागा खिशात घालून बाहेर येऊन करा. शेवटी लेबल. त्याच्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता पाहिजे, पत्त्यात सोलापूर पाहिजे, साईज पाहिजे, एमआरपी पाहिजे. नुसतं मोठ्या अक्षरात "सोलापुरी" आणि खाली पत्ताच नाही, अशी चादर घेऊ नका.

हे मी एवढं जीव तोडून का सांगतो, तर नकली माल नुसता गिऱ्हाईकाला फसवत नाही, तो चांगला माल बाजारातून बाहेर काढतो. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच दाखवलं, घेणाऱ्याला चांगलं-वाईट कळत नसेल तर तो सगळ्यालाच सरासरी भाव देतो, मग चांगली गाडी असणारा त्या भावात विकत नाही आणि बाजारात राहतो तो खराब माल. त्यांना २००१ साली नोबेल मिळालं. आमच्या मागवाल्यांना हे नोबेलशिवाय माहिती आहे. शुद्ध कॉटनची चादर विणणारा आणि भेसळ सुताची विणणारा दोघांना गिऱ्हाईक एकच भाव सांगत असेल तर पहिल्याने किती दिवस तग धरायचा? म्हणून पारख करणारं गिऱ्हाईक वाढलं तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले माग चालू राहतील, असं मला मनापासून वाटतं.

लग्नासाठी एकदम माल घेणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. आहेरासाठी, मानपानासाठी टॉवेल शेकड्यात घेतले जातात आणि घेणारा वरचे दोन-चार बघून पैसे देतो. निर्यातीच्या ऑर्डरला तसं चालत नाही. तिथं एक तक्ता असतो, त्याला एक्यूएल म्हणतात, किती मालातून किती नग काढून तपासायचे आणि किती खराब निघाले तर अख्खा लॉट परत करायचा ते त्यात ठरलेलं असतं. कपड्याला साधारण २.५ ची पातळी धरतात. त्या हिशोबाने १००० टॉवेलच्या लॉटमधून ८० काढायचे, ५ पर्यंत दोषी निघाले तर पास, ६ झाले की लॉट परत. तुम्ही २०० घेत असाल तर ३२ बघायचे, २ चालतील, ३ निघाले की परत. आणि नग काढायचे ते गठ्ठ्याच्या मधले, खालचे, वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले, वरचे नाही, कारण वरचे आम्हीच नीट लावलेले असतात. डाग, भोक, तुटका धागा, वाकडी शिलाई, साईज कमी, एवढंच बघायचं. ३२ टॉवेल बघायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ द्या.

मार्केट यार्डात

सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या सीझनला सकाळी लिलाव बघायला एकदा जाच. खरेदीदार वरच्या कांद्याकडे बघत पण नाही. पिशवी ओतायला लावतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, खालचा कांदा काढतो, अंगठ्याने मान दाबतो, पत्ती, म्हणजे वरची सुकी साल, चोळून बघतो, आणि भाव बोलून पुढे जातो. सगळं मिळून मिनिटभर. त्याची पैसे बुडायची गोष्ट एकच, हा माल केरळ-तमिळनाडूत पोचेपर्यंत टिकेल का. मान ओली म्हणजे आतून सडणार. पत्ती सुकून कुरकुरीत आणि दोन पदरी म्हणजे टिकणार. कोंब आलेला, जोड, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला), हे बाजूला. मग साईज, मोठा, मिडियम, गोल्टी, चिंगळी, आणि त्याप्रमाणे क्विंटलचा भाव.

तुम्ही दोन किलो घेताना पण मानच दाबायची. आणि गोल्टीला नाक मुरडू नका, चवीत काही फरक नाही, सोलायला वेळ जास्त लागतो एवढंच, मग कमी भावात गोल्टी घेणं हे शहाणपणाचं. पण साठवायचा असेल तर गणित बदलतं. डिसेंबर-जानेवारीत यार्डात जो लाल कांदा ढिगाने येतो तो टिकाऊ नसतो, स्वस्त म्हणून पन्नास किलो घेऊन ठेवला तर निम्मा फेकावा लागेल. साठवणीचा कांदा म्हणजे उन्हाळ कांदा, एप्रिल-मेचा, तो हवेशीर ठेवला तर चार-पाच महिने जातो.

डाळिंबाचं वेगळं. तिथं वजनावर ग्रेड आहे, ७५० ग्रॅमच्या वर सुपर, ५०० च्या पुढचं किंग, ४०० ते ५०० क्वीन, ३०० ते ४०० प्रिन्स. हे बाहेरच्या मोठ्या बाजारासाठी, घरी खायला प्रिन्स घेतलं तरी दाणा तोच असतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण फळ घेताना हे कामाला येत नाही, हात कामाला येतो. सारख्या साईजची दोन फळं दोन हातात घ्या, जड ते घ्या, रस त्यात आहे. एकदम गोल गरगरीत फळापेक्षा बाजूने थोडं चपटं, कोनदार झालेलं फळ घ्या, पिकताना दाणे भरून सालीला आतून दाबतात म्हणून तसं होतं. सालीवर तेलकट काळे डाग आणि त्यात चिरा म्हणजे तेल्या रोग, असं फळ आतून बऱ्याचदा खराब निघतं. नुसता हलका खरवडल्याचा तपकिरी ओरखडा असेल तर घाबरू नका, तो वाऱ्याने फांदी घासल्याचा असतो, आणि त्याच ओरखड्यामुळे व्यापारी भाव पाडतात, म्हणजे आपल्याला तसलं फळ स्वस्तात मिळतं आणि चवीत काही कमी नसतं.

ज्वारी, दूध, ऊस

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला पण मानांकन आहे, तेही २०१६ चंच. दाणा टपोरा, गोल, मोत्यासारखी चकाकी, पांढरट. दाताखाली धरला तर कटकन फुटला पाहिजे, दबला तर ओल आहे, कीड लागणार. पावसात सापडलेली ज्वारी काळपट दिसते, तिची भाकरी पण काळपट होते. पोतं घ्यायच्या आधी किलोभर घ्या, दळून आणा, गरम पाण्यात मळून भाकरी थापा. थापताना कडेने चिरा पडत नाहीत, संध्याकाळपर्यंत भाकरी मऊ राहते, मग पोतं सांगा. शेतकरी मात्र ज्वारीकडे बघताना कडबा पण बघतो. जास्त पीक देणारं वाण येऊन पण मालदांडी टिकली त्याचं एक मोठं कारण कडबा, तो जनावरं आवडीने खातात आणि त्याचे वेगळे पैसे होतात. म्हणजे एकाच पिकात विकत घेणारा एक किंमत बघतो आणि पिकवणारा दोन.

दुधाचं माप सगळ्यांना माहिती आहे, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. गाईचं ३.५ आणि ८.५, म्हशीचं ६ आणि ९, याला मूळ भाव, कमी लागलं तर कपात. पंढरपुरी म्हशीवाल्याने चांगली पेंड घातली तर त्याला त्याचे पैसे मिळतात कारण प्रत्येकाच्या किटलीचं वेगळं मोजलं जातं. उसाचं तसं नाही. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर) ठरते, आणि उतारा धरतात तो कारखान्याचा सगळा मिळून. वजन तुमचं, गोडी सरासरीची. ज्याने तोडणीला पक्व ऊस दिला आणि ज्याने कोवळा दिला दोघांना टनाचा भाव सारखा.

हा फरक खरेदी करणाऱ्याने डोक्यात ठेवावा, तो सगळीकडे कामाला येतो. कुणी पण आकडा सांगितला की विचारायचं, हा या एका वस्तूचा मोजलेला आहे की सगळ्यांची सरासरी आहे की सगळ्यात चांगल्याचा आहे? क्लासवाले बोर्डावर पहिल्या दहा पोरांचे फोटो लावतात, तिथं विचारायचं बसले किती होते आणि मधल्या पोराला किती पडले. पंप विकणारा "इतक्या फुटांपर्यंत पाणी" म्हणतो, तिथं विचारायचं माझ्या खोलीला ताशी किती लिटर. फ्रिज-एसीचं स्टार लेबल घ्या, त्याच्यावर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं, स्टारपेक्षा तो आकडा बघा, आणि लेबलचं वर्ष पण बघा, कारण नियम मध्येमध्ये कडक होतात आणि जुन्या वर्षाचे पाच स्टार आजचे पाच स्टार असतीलच असं नाही.

शेंगाचटणीचं थोडक्यात. कुटलेली आणि मिक्सरला फिरवलेली यात फरक असतो, कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, गोळा होईल अशी बनते, कोरडी भुकटी म्हणजे नुसतं दळलंय. वास घ्या, खवट वास आला की जुनी. पाकिटावर बनवल्याची तारीख आणि १४ अंकी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, बघा. लाल रंग फार भडक दिसला तर मी घेत नाही.

सोनं

इथं पैसे बुडायची जागा दोन आहेत, शुद्धता आणि घडणावळ. शुद्धतेचं आता सोपं झालंय. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर ६ अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, असल्याशिवाय तो विकता येत नाही. दागिन्यावर बीआयएसचं, म्हणजे सरकारी मानक संस्थेचं चिन्ह, २२के९१६ सारखा शुद्धतेचा आकडा आणि हा एचयूआयडी, तीन गोष्टी भिंगातून बघायला मागा. मग तिथंच उभं राहून मोबाईलमध्ये बीआयएस केअर ॲप उघडा, नंबर टाका, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळते का बघा. अंगठीचा नंबर टाकल्यावर ॲप कानातलं दाखवत असेल तर निघा. ९१६ म्हणजे १० ग्रॅममध्ये ९.१६ ग्रॅम शुद्ध सोनं, म्हणून भाव २२ कॅरेटचा लावलाय का २४ चा ते आधी विचारायचं.

घडणावळीत मात्र कुठलं चिन्ह नाही, तिथं तोंड उघडावं लागतं. टक्क्यात आहे की ग्रॅममागे आहे, घट वेगळी धरलीय का, खड्यांचं वजन सोन्यातून वजा केलंय का, हे चार ओळींत कागदावर लिहून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "हाच दागिना उद्या परत आणला तर किती द्याल?" हा प्रश्न सराफ एकमेकांकडून माल घेताना पण विचारतात. दागिना लग्नात घालायचा असेल तर नक्षीवर पैसे घाला की, त्यात वाईट काही नाही, पण अडीअडचणीला मोडायचा म्हणून घेत असाल तर साधं वळं किंवा नाणं घ्या, कारण मोडताना घडणावळ परत येत नाही.

फ्लॅट

लोक सॅम्पल फ्लॅट बघायला जातात आणि टाईल्स, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग बघून येतात. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस टाईल्सकडे बघत पण नाही. तो बघतो जागेचा मालक कोण, नकाशा मंजूर आहे का, बांधकाम नकाशाप्रमाणे झालंय का, रस्ता किती रुंद. कारण बँकेचं कर्ज बुडलं तर टाईल्स विकून पैसे निघत नाहीत. तुम्ही पण त्याच क्रमाने जा. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या, वेबसाईटवर प्रोजेक्टचा नोंदणी नंबर टाका, मंजुरीची कागदं, ताबा द्यायची तारीख, किती फ्लॅट बुक झालेत ते दिसतं. भाव काढताना कार्पेट एरियावरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच काढा, बिल्टअप, सुपर बिल्टअप हे शब्द आले की थांबवा. मात्र बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे घर राहायला चांगलं आहे असं नाही, बँकेने स्वतःच्या पैशापुरतं बघितलेलं असतं.

आपल्या सोलापुरात याच्यात एक गोष्ट वाढवायची, ती म्हणजे पाणी. इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं हे सांगायला नको, उजनी धरण भरलं तरी घरात रोज पाणी येतंय असं होत नाही, म्हणून माझ्या मते इथं फ्लॅटची पहिली पारख टाकीची. हिशोब करा. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप धरतात. पाच माणसांचं घर, ६७५ लिटर. चार दिवसांआड पाणी धरलं तर २७०० लिटर एका घराला. वीस फ्लॅटची बिल्डिंग असेल तर ५४ हजार लिटर साठवायची सोय पाहिजे, खालची आणि वरची टाकी मिळून. बिल्डरला सरळ विचारा, दोन्ही टाक्या किती लिटरच्या. मग बोअर आहे का, किती फुटावर पाणी, आणि मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, हे मात्र बिल्डरला नाही, शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, एकाच रस्त्यावरच्या दोन बिल्डिंगमध्ये यात फरक निघतो.

बघून कळत नाही तिथं

काही गोष्टी हातात घेऊन कळतात, काही वापरून कळतात, आणि काही वापरून पण कळत नाहीत. गाडीचा मेकॅनिक, मोटार रिवाईंड करणारा, डॉक्टर, वकील हे तिसऱ्या प्रकारात. पार्ट खरंच खराब झाला होता का हे गाडी चालू झाल्यावर सुद्धा तुम्हाला कळत नाही. इथं वस्तू तपासता येत नाही म्हणून काम करायची पद्धत तपासायची. मेकॅनिकला काम सुरू करायच्या आधी सांगा की काढलेला जुना पार्ट मला परत पाहिजे, चांगला मेकॅनिक आनंदाने देतो आणि कुठं झिजलाय ते बोट ठेवून दाखवतो. डॉक्टरांना आदबीने विचारा, "डॉक्टर, हे आत्ता नाही केलं तर काय होईल? दुसरा काही उपाय आहे का?" मोठं ऑपरेशन असेल आणि तातडीचं नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, रिपोर्ट घेऊन जा पण पहिल्यांनी काय सांगितलं ते आधी सांगू नका. हॉस्पिटलला एनएबीएचची मान्यता आहे का विचारा, ती मिळायला जंतुसंसर्ग, औषधं, नोंदी यांची तपासणी होते, म्हणजे निदान व्यवस्था कुणीतरी बाहेरून बघितलीय एवढं कळतं. ऑनलाईन रिव्ह्यू वाचायचे तर पाच स्टारचे आणि एक स्टारचे सोडून तीन स्टारचे वाचा, त्यात माणूस काय आवडलं आणि काय नाही दोन्ही लिहितो, आणि तारखा बघा, एकाच आठवड्यात पन्नास कौतुकं आली असतील तर ती बाजूला ठेवा.

बिल

पारख करून जे तोंडी ठरलं ते बिलावर आलं पाहिजे. टॉवेलचं "१०० टक्के कॉटन" आणि साईज, दागिन्याचं निव्वळ वजन, शुद्धता, घडणावळ, मेकॅनिकच्या बिलावर पार्टचं नाव आणि मजुरी वेगवेगळी. कच्च्या चिठ्ठीवर थोडा भाव कमी करून देतो म्हणाले तर मोठ्या खरेदीला ते घेऊ नका. हॉलमार्कचा दागिना तपासणीत कमी शुद्धतेचा निघाला तर जेवढं सोनं कमी निघालं त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो, पण त्याला बिल लागतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, फोनवर बऱ्याच गोष्टी तिथंच मिटतात. नाही मिटल्या तर जिल्हा ग्राहक आयोग, ५० लाखांपर्यंत पैसे मोजून घेतलेल्या वस्तू-सेवेची तक्रार तिथं चालते, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.